वायरशार्क : पोर्ट क्रमांक पाठ करण्याऐवजी पाहून समजून घेण्याचे साधन

नेटवर्क शिकायला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाच्या हाती पहिल्याच आठवड्यात पोर्ट क्रमांकांचा एक तक्ता पडतो : २१ म्हणजे एफटीपी, २२ म्हणजे एसएसएच, २५ म्हणजे एसएमटीपी, ५३ म्हणजे डीएनएस, ८० म्हणजे एचटीटीपी आणि ४४३ म्हणजे एचटीटीपीएस. हा तक्ता पाढ्यांसारखा पाठ होतो आणि परीक्षेत व मुलाखतीत कामालाही येतो; परंतु एखाद्या दिवशी चालती यंत्रणा अडली आणि ‘पोर्ट उघडे आहे का ते बघा’ असे कोणी सांगितले, की नेमके काय बघायचे आणि ते कोठे दिसते, याचे उत्तर त्या तक्त्यात सापडत नाही. वायरशार्क हे नेटवर्कवरील पॅकेट्स (माहितीचे छोटे तुकडे) पकडून दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर मी गेली अनेक वर्षे देखभालीच्या कामात आणि नव्या सहकाऱ्यांना शिकवताना वापरत आलो आहे. या परीक्षणात मी त्याच्याकडे एकाच बाजूने पाहणार आहे : पोर्ट क्रमांक आणि रोजच्या वापरातील प्रोटोकॉल (संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम) खरोखर समजून घ्यायचे असतील, तर हे साधन किती उपयोगी पडते आणि कोठे चकवते.

गेराल्ड कॉम्ब्स यांनी १९९८ मध्ये ‘इथिरियल’ या नावाने ते प्रथम उपलब्ध करून दिले, २००६ मध्ये नावाच्या हक्कामुळे ते ‘वायरशार्क’ झाले आणि १.० ही आवृत्ती निघायला २००८ साल उजाडले. जीएनयू परवान्याखाली मिळणारे हे सॉफ्टवेअर विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि तीन हजारांहून अधिक प्रोटोकॉल ओळखते. ते बसवणे अवघड नाही, मात्र एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळावी. नेटवर्क कार्डावरून पॅकेट्स उचलण्यासाठी विशेष अधिकार लागतात, म्हणून पुष्कळ जण लिनक्सवर संपूर्ण वायरशार्कच रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून सुरू करतात, आणि ते चुकीचे आहे. पकडण्याचे काम ‘डम्पकॅप’ हा वेगळा, छोटा प्रोग्रॅम करतो आणि अधिकार फक्त त्याला दिले की पुरते. बाहेरून आलेल्या अनोळखी बाइट्सचा अर्थ लावणारा वायरशार्कचा प्रचंड मोठा भाग सामान्य वापरकर्त्याच्या अधिकारातच चालला पाहिजे. विंडोजवर हेच काम करण्यासाठी ‘एनपीकॅप’ सोबत बसवावे लागते. स्वतःच्या किंवा स्पष्ट परवानगी असलेल्या नेटवर्कवरच पॅकेट्स पकडावीत, हेही येथेच सांगून ठेवतो, कारण पुढे जे दिसते ते इतरांच्या खासगी व्यवहाराचेही असू शकते.

वायरशार्कची खिडकी तीन भागांची असते. वर पॅकेट्सची यादी आणि खाली निवडलेल्या पॅकेटचा तपशील व त्याचे मूळ बाइट्स. शिकणाऱ्याला मी सर्वांत आधी एवढेच करायला सांगतो की पकडणे सुरू करावे, ब्राउझरमध्ये एखादे संकेतस्थळ उघडावे आणि लगेच पकडणे थांबवावे. यादीत प्रथम डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता विचारणारी, फिकट निळी ओळ दिसते : आपल्या संगणकाच्या कोणत्यातरी मोठ्या क्रमांकावरून डीएनएस सर्व्हरच्या ५३ क्रमांकाकडे यूडीपीने, म्हणजे आधी जोडणी न उघडता, गेलेला प्रश्न, आणि त्याच दोन क्रमांकांची अदलाबदल होऊन आलेले उत्तर. त्यानंतर मिळालेल्या पत्त्याच्या ४४३ क्रमांकाकडे टीसीपीचा हँडशेक, म्हणजे जोडणी उघडण्याची तीन पॅकेट्सची देवाणघेवाण, सुरू होतो. यातील ‘सिन’ या पहिल्या पॅकेटवर टिचकी मारून तपशिलातील ‘डेस्टिनेशन पोर्ट’ निवडले, की बाइट्सच्या भागात नेमके दोन बाइट उठून दिसतात : ‘०१’ आणि ‘बीबी’. षोडशमान पद्धतीतील ‘बीबी’ म्हणजे १८७, आणि आधीच्या बाइटमधील १ ची किंमत २५६. दोहोंची बेरीज ४४३. पोर्ट क्रमांक हा १६ बिटांचा आहे, म्हणून तो ० ते ६५५३५ याच मर्यादेत असतो, हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असते. पण ते दोन बाइट डोळ्यांसमोर दिसल्यावर ती मर्यादा लक्षात ठेवण्याची गरजच उरत नाही. मी शिकवलेल्या बहुतेकांच्या बाबतीत पोर्ट या कल्पनेभोवतीचे धुके याच टिचकीसरशी विरते. पोर्ट म्हणजे संगणकाला असलेले भोक नव्हे किंवा तारेची खाचही नव्हे. ती पॅकेटच्या शीर्षभागात लिहिलेली एक संख्या आहे आणि ती वाचून आलेला मजकूर कोणत्या प्रोग्रॅमच्या हवाली करायचा हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते.

दुसरी बाजू, म्हणजे ‘सोर्स पोर्ट’, हीसुद्धा तितकीच बोलकी आहे आणि तक्त्यात तिचा पत्ताच नसतो. पोर्ट क्रमांकांची अधिकृत नोंद ठेवणारी ‘आयाना’ ही संस्था त्यांचे तीन पट्टे मानते : ० ते १०२३ हे सर्वपरिचित सेवांसाठी, १०२४ ते ४९१५१ हे नोंदणीसाठी आणि ४९१५२ ते ६५५३५ हे तात्पुरत्या वापरासाठी. विंडोजच्या अलीकडच्या सर्व आवृत्त्या याच शेवटच्या पट्ट्यातून तात्पुरता क्रमांक घेतात, परंतु लिनक्स मूळ सेटिंगनुसार ३२७६८ ते ६०९९९ यांमधून घेते. एकाच टेबलावरील दोन संगणकांवर पॅकेट्स पकडून शेजारी शेजारी ठेवली, तर हा फरक पाच मिनिटांत आपोआप लक्षात येतो. त्याच वेळी दोन खिडक्यांत एकच संकेतस्थळ उघडल्यावर उत्तरे एकमेकांत का मिसळत नाहीत, हेही कळते. सर्व्हरचा पत्ता आणि ४४३ हा क्रमांक सर्व जोडण्यांना समान असला तरी आपल्या बाजूचा क्रमांक प्रत्येक जोडणीसाठी वेगळा असतो, आणि दोन पत्ते व दोन पोर्ट अशा चार आकड्यांनी मिळून ती जोडणी ओळखली जाते. ‘स्टॅटिस्टिक्स’ या मेन्यूखालील ‘कॉन्व्हर्सेशन्स’ उघडले की हीच चौकडी प्रत्येक ओळीत मांडलेली मिळते. वायरशार्कमधील सर्वांत कमी वाखाणलेली आणि शिकणाऱ्याला सर्वांत उपयोगी अशी ही खिडकी आहे, असे माझे मत आहे.

आता त्या सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळतो, कारण वायरशार्कचे खरे मोल मला तेथेच पटले. पोर्ट ‘उघडे’ किंवा ‘बंद’ असे आपण बोलतो, पण तारेवर दिसणाऱ्या अवस्था दोन नसून तीन आहेत. उघड्या पोर्टला ‘सिन’ पाठवले की ‘सिन’ आणि ‘ॲक’ (पोच) एकत्र परत येतात, आपण ‘ॲक’ पाठवतो आणि बोलणे सुरू होते. यंत्र जागेवर आहे पण त्या क्रमांकावर कोणताही प्रोग्रॅम ऐकत नाही, अशा वेळी तत्काळ ‘रीसेट’, म्हणजे नकार, येते आणि वायरशार्क ती ओळ गडद लाल रंगात दाखवतो. तिसऱ्या अवस्थेत मध्ये एखादी फायरवॉल (रहदारी गाळणारी यंत्रणा) पॅकेट मुकाट्याने टाकून देत असते. तेव्हा काहीच परत येत नाही, आणि आपला संगणक साधारण एका सेकंदाने, मग दोन, मग चार सेकंदांनी तेच ‘सिन’ पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. या पुनःप्रेषणाच्या ओळी काळ्या पट्टीवर लालसर अक्षरांत दिसतात. पडद्यावर प्रोग्रॅम कधी ‘जोडणी नाकारली’ म्हणतो, तर कधी ‘वेळ संपली’ म्हणतो. ही दोन वाक्ये एकाच दुखण्याची दोन नावे नाहीत, हे लाल आणि काळ्या ओळी एकदा पाहिल्या की पक्के होते.

एकदा आमच्याकडे एक नवा अनुप्रयोग दुसऱ्या यंत्रावरील पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसला, म्हणजे ५४३२ क्रमांकाला, जोडला जाईना. डेटाबेस सांभाळणारे फायरवॉलकडे बोट दाखवत होते आणि फायरवॉल सांभाळणारे डेटाबेसकडे. मी दोन्ही यंत्रांवर एकाच वेळी पॅकेट्स पकडली. एका बाजूने ‘सिन’ निघताना दिसत होते आणि दुसऱ्या बाजूला ते पोहोचतच नव्हते. म्हणजे अडथळा वाटेत होता आणि फायरवॉलचा नियम बदलणे भाग होते. नियम बदलला, तरी जोडणी होईना, आणि पुन्हा तोच वाद सुरू होण्याच्या बेतात होता. पण आता चित्र निराळे होते : ‘सिन’ पोहोचत होते आणि क्षणार्धात ‘रीसेट’ परत येत होते. पोस्टग्रेएसक्यूएल मूळ सेटिंगनुसार फक्त स्वतःच्या यंत्रावरून येणाऱ्या जोडण्याच ऐकते आणि बाहेरच्या पत्त्यावर ऐकण्यासाठी तसे सांगावे लागते. ते आम्ही सांगितलेच नव्हते. दोन्ही बाजूंचे म्हणणे अर्धे अर्धे खरे होते, आणि अनुप्रयोगाच्या नोंदवहीत मात्र दोन्ही वेळा ‘डेटाबेस उपलब्ध नाही’ हे एकच वाक्य लिहिलेले होते.

यूडीपीची तऱ्हा याहून वेगळी आहे. तेथे हँडशेक नाही, म्हणून ‘रीसेट’ही नाही. बंद यूडीपी पोर्टला पॅकेट पाठवले, तर उत्तर येते ते आयसीएमपीच्या (नेटवर्कमधील अडचणी कळवणाऱ्या प्रोटोकॉलच्या) रूपात, प्रकार ३ आणि उपप्रकार ३, म्हणजे ‘पोर्टपर्यंत पोहोचता येत नाही’. आयसीएमपीला स्वतःचे पोर्ट क्रमांक नसतात, आणि दुसरे यंत्र जागेवर आहे का ते पाहणारी ‘पिंग’ ही आज्ञा आयसीएमपीच वापरते. ‘पिंग कोणत्या पोर्टवर चालते’ या मुलाखतीतील आवडत्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणत्याच नाही’ असे आहे ते यामुळेच. मग ही तक्रार नेमक्या कोणत्या पोर्टविषयी आहे हे पाठवणाऱ्याला कसे कळते? वायरशार्कमध्ये त्या आयसीएमपी पॅकेटचा तपशील उलगडत गेले, की आत मूळ पॅकेटचा आयपी शीर्षभाग आणि त्यापुढचे निदान आठ बाइट जसेच्या तसे परत आलेले दिसतात. यूडीपीचा संपूर्ण शीर्षभाग बरोबर आठ बाइटांचा आहे, आणि त्यातले पहिले चार बाइट म्हणजे दोन पोर्ट क्रमांक. १९८० ते १९८१ या काळात जॉन पोस्टेल यांच्या हातून लिहिल्या गेलेल्या या प्रमाणकांमध्ये तुकडे एकमेकांत किती नेमके बसवलेले आहेत, हे पाहून मला आजही मनापासून आनंद होतो.

एकच जुना प्रोटोकॉल सावकाश पाहायचा असेल, तर फाइल पाठवण्याचा एफटीपी पाहावा. तो आता वापरू नये, पण शिकण्यासाठी त्याच्यासारखा गुरू नाही. स्वतःच्याच दोन यंत्रांमध्ये एफटीपी जोडणी करून ‘फॉलो टीसीपी स्ट्रीम’ हा पर्याय निवडावा. सगळा संवाद साध्या मजकुरात समोर येतो. ‘यूजर’ या आज्ञेपुढे नाव आणि ‘पास’ या आज्ञेपुढे पासवर्ड, अक्षरन् अक्षर उघडे. २१ क्रमांक असुरक्षित का मानला जातो, हे समजावून सांगण्याची मग गरज उरत नाही. खरी मेख मात्र त्यापुढे आहे. २१ वर फक्त आज्ञा जातात. फाइल दुसऱ्याच जोडणीने येते आणि ‘पॅसिव्ह’ पद्धतीत त्या जोडणीसाठी कोणते पोर्ट वापरायचे हे सर्व्हर बोलण्याच्या ओघात कळवतो. २२७ या संकेतांकाने सुरू होणाऱ्या उत्तरात कंसामध्ये सहा आकडे असतात. पहिले चार म्हणजे सर्व्हरचा पत्ता आणि शेवटचे दोन म्हणजे पोर्टचे दोन बाइट. शेवटचे आकडे १९५ आणि ८० असतील, तर १९५ गुणिले २५६ म्हणजे ४९९२०, त्यात ८० मिळवले की ५००००. पुढच्याच ओळीत आपल्या संगणकाने सर्व्हरच्या ५०००० क्रमांकाकडे नवे ‘सिन’ पाठवलेले दिसते. वायरशार्क ते उत्तर वाचतो, हिशेब लक्षात ठेवतो आणि त्या नव्या जोडणीला आपणहून ‘एफटीपी-डेटा’ म्हणतो. फायरवॉलमध्ये केवळ २१ क्रमांक उघडून एफटीपी का चालत नाही, हा कित्येकांना छळणारा प्रश्न या तीन ओळींत सुटतो.

मेलच्या प्रोटोकॉलविषयी इतके लिहिण्याची गरज नाही, परंतु ५८७ आणि ४६५ यांतील फरक पाहण्यासारखा आहे. ५८७ वर बोलणे साध्या मजकुरात सुरू होते, सर्व्हर आपल्या क्षमतांच्या यादीत ‘स्टार्टटीएलएस’ असे सांगतो, मेल प्रोग्रॅम तीच आज्ञा परत पाठवतो आणि त्यानंतरचे सर्व काही कूटबद्ध होते. ४६५ वर पहिल्या बाइटपासूनच टीएलएस (संवाद कूटबद्ध करणारा प्रोटोकॉल) असते. २५ हा क्रमांक मुख्यतः एका मेल सर्व्हरने दुसऱ्याशी बोलण्यासाठी राहिला आहे. संगणकाला नेटवर्कवरचा पत्ता देणाऱ्या डीएचसीपीसाठी संगणकाचे नेटवर्क बंद करून पुन्हा सुरू करावे : ६८ वरून ६७ कडे, चारही आकडे शून्य असलेल्या पत्त्यावरून चारही आकडे २५५ असलेल्या पत्त्याकडे गेलेली हाक दिसते. येथे ग्राहकाच्या बाजूचा क्रमांकही ठरलेला आहे, कारण ज्याला अजून पत्ताच मिळालेला नाही त्याच्यापर्यंत उत्तर पोहोचवायचे असते.

आता चकव्यांविषयी. यातील पहिला चकवा साधनाचा नसून आपल्या सवयीचा आहे. ब्राउझरची रहदारी पाहायची म्हणून मी बरीच वर्षे डिस्प्ले फिल्टरच्या पट्टीत ‘टीसीपी डॉट पोर्ट बरोबर ४४३’ असे लिहीत असे. (फिल्टर प्रत्यक्षात रोमन अक्षरांत आणि बरोबरच्या दुहेरी चिन्हाने लिहितात, येथे त्याचा उच्चार देत आहे.) एकदा एका मोठ्या संकेतस्थळाची पाने समोर सरसर उघडत होती आणि यादीत मात्र त्यांचे एकही पॅकेट दिसत नव्हते. कारण ती रहदारी ‘क्विक’ या प्रोटोकॉलवरून, म्हणजे यूडीपीच्या ४४३ क्रमांकावरून चालली होती. क्विकचे प्रमाणक मे २०२१ मध्ये आणि त्यावर आधारलेल्या एचटीटीपी-३ चे जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. टीसीपीचे ४४३ आणि यूडीपीचे ४४३ ही दोन स्वतंत्र पोर्ट आहेत, हे मला माहीत होते. पण माहीत असणे आणि फिल्टर लिहिताना ते आठवणे यांत अंतर असते. फायरवॉलचे नियम लिहिणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण यूडीपी ४४३ अडवल्यास ब्राउझर सहसा निमूटपणे टीसीपीवर परततो आणि काही अडवले गेले आहे हे कोणाला जाणवतही नाही.

दुसरा चकवा मात्र वायरशार्कच्या रचनेतला आहे आणि तो सविस्तर सांगायला हवा. पोर्ट क्रमांक हा केवळ संकेत आहे, पुरावा नाही. ८० वर कोणीही काहीही चालवू शकते आणि एसएसएच सर्व्हर २२ ऐवजी दुसऱ्या क्रमांकावर ठेवणे तर रोजचेच आहे. वायरशार्क पॅकेटमधला मजकूरही पाहतो आणि काही प्रोटोकॉल केवळ मजकुरावरून ओळखतो, परंतु बहुतेक ठिकाणी पहिला अंदाज तो पोर्ट क्रमांकावरूनच बांधतो. ५३ वर डीएनएसखेरीज दुसरे काही चालवले, तर तो ते डीएनएस समजून वाचू लागतो आणि मग पॅकेट ‘सदोष’ असल्याचा शेरा मारतो. उलट ओळखीचा प्रोटोकॉल अनोळखी क्रमांकावर असेल, तर कित्येकदा फक्त ‘टीसीपी’ किंवा नुसता ‘डेटा’ एवढेच लिहून थांबतो. यावर ‘डीकोड ॲज’ हा उपाय आहे : त्या पॅकेटवर उजवी टिचकी मारून हा क्रमांक अमुक प्रोटोकॉल म्हणून वाच, असे सांगता येते. उपाय चांगला आहे, पण तो वापरायला हवा हे ज्याला आधीच कळले आहे त्याच्याच कामाचा. नवशिका ‘सदोष पॅकेट’ हा शेरा खरा मानून बसतो आणि नसलेला बिघाड शोधत राहतो.

रंगांच्या बाबतीत हाच दोष अधिक ठळक आहे. मूळ रंगनियमांमध्ये एचटीटीपीसाठी जो फिकट हिरवा रंग आहे, त्याच्या नियमातच ‘किंवा टीसीपीचा पोर्ट ८० असेल’ ही अट घातलेली आहे. त्यामुळे ८० क्रमांकाकडे जाणारे काहीही, आत काय आहे ते न पाहता, एचटीटीपीचा हिरवा रंग घेऊन येते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातला प्रकार. दुसऱ्या एखाद्या क्रमांकावरचे ‘सिन’ करड्या रंगात दिसते, पण ८० वरचे ‘सिन’ एचटीटीपीचे एक अक्षरही पाठवले जाण्यापूर्वीच हिरवे असते. ज्या साधनाने पोर्ट आणि आतला मजकूर या दोन निराळ्या गोष्टी आहेत असे इतक्या उत्तम रीतीने दाखवून द्यावे, त्यानेच त्या दोन्ही एका रंगात रंगवाव्यात, हे मला आजवर पटलेले नाही. पोर्ट क्रमांकाऐवजी सेवेचे नाव दाखवण्याचा जो पर्याय आहे, त्याचेही तसेच. तो चालू केला की ४४३ च्या जागी ‘एचटीटीपीएस’ दिसते, ते ठीक. पण लिनक्सने आपल्या बाजूला घेतलेला एखादा तात्पुरता क्रमांक नोंदणीच्या पट्ट्यात कोणाच्या नावावर असेल, तर तेथेही ते नाव झळकते आणि जी सेवा चालू नाही ती चालू असल्याचा भास होतो.

फिल्टरच्या भाषेतील एक जुनी खोच आता दूर झाली आहे, पण जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांसाठी तिची नोंद करतो. ‘टीसीपी डॉट पोर्ट’ हे नाव एकाच वेळी पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, अशा दोन्ही क्रमांकांना लागू पडते. म्हणून ‘टीसीपी डॉट पोर्ट बरोबर नाही ४४३’ असे लिहिले, तर पूर्वी दोहोंपैकी एक जरी ४४३ नसला तरी पॅकेट दिसत असे, आणि तात्पुरता क्रमांक ४४३ नसतोच, त्यामुळे वगळायची ती सगळी पॅकेट्स यादीत तशीच राहत. ३.६ या आवृत्तीपासून या चिन्हाचा अर्थ बदलून अपेक्षेप्रमाणे, म्हणजे ‘दोन्हीपैकी एकही ४४३ नसावा’ असा केला गेला. पकडतानाचा फिल्टर आणि पाहतानाचा फिल्टर यांची भाषा मात्र आजही वेगवेगळी आहे. पकडताना नुसते ‘पोर्ट ५३’ लिहिले की चालते आणि पाहताना तेच चालत नाही. पट्टी लाल होते. नवशिक्यांचा पहिला दिवस यातच जातो. माझा सल्ला असा की सुरुवातीला पकडतानाचा फिल्टर वापरूच नये. सर्व काही पकडावे आणि गाळणे नंतर करावे, कारण जे पकडलेच नाही ते नंतर पाहता येत नाही.

दोन मर्यादा मूलभूत आहेत. आज बहुतेक रहदारी टीएलएसने कूटबद्ध असते, त्यामुळे ४४३ वर पहिले ‘क्लायंट हॅलो’ आणि त्यात सहसा दिसणारे संकेतस्थळाचे नाव यापलीकडे वाचण्यासारखे फारसे उरत नाही. स्वतःच्या ब्राउझरला सत्राच्या किल्ल्या एका फाइलमध्ये लिहायला सांगून ती फाइल वायरशार्कला दिली, तर आतला एचटीटीपी उलगडतो. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींमध्ये ही सोय आहे आणि शिकण्यासाठी ती एकदा तरी करून पाहावी. दुसरी मर्यादा अशी की एखादे पोर्ट कोणत्या प्रोग्रॅमने धरून ठेवले आहे, हे वायरशार्क सर्वसाधारणपणे सांगत नाही, कारण ती माहिती पॅकेटमध्ये नसतेच. त्यासाठी लिनक्सवर ‘एसएस’ आणि विंडोजवर ‘नेटस्टॅट’ या आज्ञा शेजारी चालू ठेवाव्या लागतात. दूरच्या सर्व्हरवर पडदा नसेल, तर ‘टीसीपीडम्प’ या आज्ञेने पॅकेट्स फाइलमध्ये साठवून ती फाइल आपल्या संगणकावर वायरशार्कमध्ये उघडणे, हीच माझी नेहमीची पद्धत आहे, शिकण्यासाठी मात्र थेट टीसीपीडम्पपासून सुरुवात करू नये, कारण त्याच्या एका ओळीत दाटलेली माहिती तपशील उलगडून पाहण्याची सवय झाल्याशिवाय वाचता येत नाही.

नेटवर्क शिकणाऱ्यांना, संगणकप्रणाली सांभाळणाऱ्यांना आणि ज्यांचा प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्राशी बोलतो अशा प्रत्येक प्रोग्रॅमरला मी हे साधन निःसंकोचपणे सुचवतो. बसवल्यानंतर तीन गोष्टी लगेच कराव्यात. एक, पॅकेटच्या तपशिलातील ‘सोर्स पोर्ट’ आणि ‘डेस्टिनेशन पोर्ट’ यांवर उजवी टिचकी मारून ‘अप्लाय ॲज कॉलम’ निवडावे, म्हणजे दोन्ही क्रमांक यादीत स्वतंत्र रकान्यांत दिसू लागतात. दोन, पोर्टऐवजी सेवेचे नाव दाखवण्याचा पर्याय बंद आहे याची खात्री करावी. तीन, ‘व्ह्यू’ मेन्यूतील रंगनियम उघडून एचटीटीपीच्या नियमातून ८० क्रमांकाची अट काढून टाकावी. त्यानंतर ८० क्रमांकावरील हँडशेकही इतर कोणत्याही टीसीपी हँडशेकसारखा करड्या आणि फिकट जांभळ्या ओळींत दिसतो, आणि पहिली हिरवी ओळ येते ती ‘गेट’ या शब्दाने सुरू होणाऱ्या विनंतीची.